समजलं, पण भिडलं नाही

2017 साली स्पेनमधल्या काही संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मातृभाषा स्पॅनिश आणि इंग्रजी नंतर शिकलेली, अशा माणसांना पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर एक वाक्य यायचं, ते मोठ्याने वाचायचं आणि त्याने मनावर किती परिणाम केला याला गुण द्यायचे. काही वाक्यं कोरडी होती, काही भावनेला हात घालणारी. वाचणारा वाचत असताना एक यंत्र त्याच्या डोळ्यातल्या बाहुलीचा आकार टिपत होतं. मनात काही हललं की बाहुली किंचित रुंदावते. ठरवून ती मोठी करता येत नाही आणि झाली तर लपवताही येत नाही.

गुणांमध्ये फरक पडला नाही. भावनेच्या वाक्याला स्पॅनिश वाचणाऱ्यांनी जेवढं वजन दिलं, साधारण तेवढंच इंग्रजी वाचणाऱ्यांनीही दिलं. बाहुल्यांनी मात्र वेगळं सांगितलं. कोरडं वाक्य आणि भावनेचं वाक्य यांतला फरक मातृभाषेत वाचताना त्यांच्यात ठळक दिसला, शिकलेल्या भाषेत फिकट.

या विषयात बोलण्यासारखं जे काही आहे ते मला या दोन निकालांच्या मधल्या फटीत दिसतं. दुसऱ्या भाषेतलं दुःख वाचकाला कळतं. ते दुःख आहे, मोठं आहे, हे तो बरोबर ओळखतो. फक्त त्याच्या अंगाला ते तेवढं लागत नाही. आणि शाळेत, परीक्षेत, वाचनाच्या उपक्रमांत आपण कायम ओळखण्याचीच बाजू तपासत आलो आहोत. मुलाने पात्राला काय वाटलं ते लिहिलं, गुण मिळाले. वाचताना त्याला स्वतःला काही झालं का, यासाठी उत्तरपत्रिकेत जागा नसते. दुसऱ्या भाषेतल्या गोष्टींचं शाळा जे करते त्याबद्दल माझी तक्रार आहे. पण त्याआधी हा कोरडेपणा येतो कुठून ते पाहायला हवं, कारण त्यावर दिली जाणारी ठोकळेबाज उत्तरं मला पटत नाहीत.

सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे, भाषा कच्ची असते म्हणून. हे खोटं नाही. पॉल नेशन यांनी 2006 साली मांडलेला हिशेब वाचनाचे अभ्यासक नेहमी सांगतात. इंग्रजी कादंबरी कुणाच्या मदतीशिवाय वाचायची तर तिच्यातले 98 टक्के शब्द ओळखीचे हवेत आणि त्यासाठी वाचकाजवळ 8,000 ते 9,000 शब्दकुळं हवीत. शब्दकुळ म्हणजे मूळ शब्द आणि त्याची निरनिराळी रूपं. 98 टक्के ऐकायला भरपूर वाटतं. पण 300 शब्दांच्या पानावर त्याचा अर्थ सहा अनोळखी शब्द असा होतो. म्हणजे एवढी मोठी पुंजी असलेला वाचकसुद्धा पानागणिक सहा वेळा अडखळू शकतो.

त्याहून कमी पुंजीवर वाचणाऱ्याचं काय होतं, ते एखादं पान घेऊन बघा. म्हातारा अंथरुणाला खिळलाय. कित्येक वर्षं न बोलणारा मुलगा आलाय आणि दारातच थबकलाय. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटतं, आणि काय उमटतं ते सांगणारा नेमका तोच शब्द अडतो. नजर मागे जाते, वाक्य पुन्हा पहिल्यापासून. तरी उलगडत नाही. मग फोन, शब्दकोश, तीन अर्थ, त्यातला इथला कुठला? राग की लाज? अंदाज बांधून वाचक पानावर परत येतो. मुलगा अजून दारातच उभा असतो, पण वाचक त्या खोलीतून बाहेर पडलेला असतो आणि त्याला पुन्हा आत शिरावं लागतं.

मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक यांनी 2000 साली वाचक कथेत किती ओढला गेला हे मोजायची एक प्रश्नावली तयार केली. जो जास्त ओढला जातो त्याची मतं कथेच्या बाजूने जास्त झुकतात आणि कथेतले दोष त्याला कमी खटकतात, असं त्यांना आढळलं. असं ओढलं जायला लक्ष सगळंच्या सगळं कथेकडे असावं लागतं. वाक्य जोडण्यातच ते खर्च होत असेल तर कथेच्या वाट्याला उरतं ते उष्टंच.

मात्र हे पूर्ण उत्तर असतं तर भाषा पक्की झाल्यावर प्रश्न मिटायला हवा होता. तो मिटत नाही. बर्लिनमधल्या संशोधकांच्या 2015 सालच्या एका अभ्यासात जर्मन मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी चांगली अवगत असलेल्या वाचकांना मेंदूचं एफएमआरआय स्कॅन सुरू असताना ‘हॅरी पॉटर’मधले छोटे उतारे दोन्ही भाषांत वाचायला दिले होते. आनंदाचे उतारे जर्मनमधून वाचताना अमिग्डलासारख्या, भावनेशी नातं असलेल्या भागांत जो जोर दिसला, तो इंग्रजीतून वाचताना दिसला नाही. यातली गंमत अशी की इंग्रजी ही या पुस्तकाची मूळ भाषा आणि जर्मन पुस्तक हा अनुवाद. ‘वाचायचं तर मुळातूनच वाचावं, अनुवादात सगळा रस निघून जातो’ असं ठासून सांगणारे लोक प्रत्येक वाचनगटात असतात. रस कुठून निघून जातो हे वाचणारा कोण आहे त्यावर ठरतं, एवढं तरी त्यांनी मान्य करायला हरकत नसावी.

मग शब्द समजूनही भिडत का नाही? बोस्टनमध्ये कॅथरीन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली केलेल्या कामात याचा धागा सापडतो. तुर्की मातृभाषा असलेल्या आणि मोठेपणी इंग्रजीत वावरणाऱ्या माणसांच्या बोटांना इलेक्ट्रोड लावले. भावना चाळवली की बोटांना सूक्ष्म घाम येतो आणि त्वचेतून वीज किंचित सहज वाहते. मोजायचं होतं ते हे. मग त्यांना दोन्ही भाषांतले शब्द आणि छोटी वाक्यं दाखवली, ऐकवली. साधे शब्द होते, शिव्या होत्या आणि लहान मुलांना दटावतात तशी ‘लाज नाही वाटत?’ छापाची वाक्यंही होती. सगळ्यात मोठी तफावत दिसली ती या दटावणीत. चांगले शिकले-सवरलेले प्रौढ लोक. प्रयोगशाळेत त्यांच्यावर कुणीही रागावलेलं नव्हतं. तरी तुर्की दटावणीने त्यांच्या अंगावर काटा आला आणि इंग्रजी दटावणी अंगावरून निघून गेली. आपल्या घरच्या मोठ्यांचा आवाज कानात आला, असंही त्यांच्यातल्या काहींनी सांगितलं.

मातृभाषेचे शब्द आपण अर्थासकट शिकत नाही, प्रसंगासकट शिकतो. कुणीतरी ओरडलेलं असतं, कुणी जवळ घेतलेलं असतं, कुणाची तरी चाहूल लागल्यावर आपण पळालेलो असतो. अर्थ त्या गडबडीत हाताला लागतो. शिकलेल्या भाषेत क्रम उलटा: आधी अर्थ, तोही फळ्यावर, आणि प्रसंग पुढे कधी आला तर आला.

इथून पुढे अनेकांची गाडी सरळ एका ठरलेल्या स्टेशनावर जाते: मातृभाषा हृदयाची, परभाषा डोक्याची. हे वाक्य भाषणात छान वाजतं, पण तपासलं की टिकत नाही. त्याच हॅरिस यांनी पुढे, 2004 साली, स्पॅनिश-इंग्रजी द्विभाषिकांवर तसाच प्रयोग केला. इंग्रजी ज्यांनी मोठं झाल्यावर उचलली होती त्यांना स्पॅनिश दटावणी जास्त झोंबली. इंग्रजी ज्यांच्या कानावर लहानपणापासून होती त्यांच्यात मात्र असा फरक दिसला नाही. फिनिश मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजीवर उत्तम पकड असलेल्या लोकांवरच्या 2007 सालच्या एका प्रयोगात रंगीत अक्षरांतल्या शब्दांचा रंग ओळखायचा होता. नकारात्मक आणि निषिद्ध शब्दांनी त्यांना दोन्ही भाषांत सारखंच अडवलं. हजाराहून जास्त बहुभाषिकांची उत्तरं गोळा करणाऱ्या जाँ-मार्क दवाल यांच्या कामातही हेच पुन्हा पुन्हा दिसतं. सर्वसाधारणपणे पहिली भाषा जास्त जवळची वाटते हे खरं. पण दुसरी भाषा कोणत्या वयात आली, नुसती वर्गात आली की वर्गाबाहेरही वापरली गेली, आणि आज किती वापरली जाते, यावर तिचं वजन बरंच बदलतं. जन्माने ठरलेलं असं त्यात फार थोडं आहे.

आणखी एक वाचक या सोप्या सूत्रात बसतच नाही, आणि त्याची संख्या थोडी नाही. तो घरी एक भाषा बोलतो, पण अक्षरओळख झाल्यापासून वाचतो दुसऱ्याच भाषेत. घरच्या भाषेत त्याचं भांडण, लाड, रडणं सगळं झालेलं असतं. पण त्या भाषेतलं पुस्तक उघडलं की अक्षरं जुळवत बसावं लागतं, आणि तिची लेखी शैली त्याला पाहुण्यासारखी वागवते. दुसऱ्या भाषेत त्याने शेकडो गोष्टी वाचल्यात, लपून वाचल्यात, त्यांच्यासाठी झोप घालवली आहे. अशा माणसाला ‘तुला आपल्या भाषेतलं काही भिडत नाही’ म्हणून नावं ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही. त्याच्या बाबतीत जगण्याची भाषा आणि वाचण्याची भाषा वेगळ्या पडल्या आहेत. त्याची दुसरी भाषा गोष्टींनीच उबदार केली आहे, आणि शाळेसाठी याच्यात मोठी आशा आहे.

पण आधी अंतराची दुसरी बाजू, कारण अंतर म्हणजे केवळ तोटा नव्हे. वेल्समधल्या बॅंगर विद्यापीठातल्या वू आणि थिएरी यांच्या 2012 सालच्या अभ्यासात चिनी मातृभाषेची, इंग्रजी जाणणारी माणसं इंग्रजी शब्द वाचत होती. असं वाचताना मेंदू नकळत त्या शब्दांची चिनी रूपंही जागी करतो, हे आधीच माहीत होतं. पण शब्द वाईट अर्थाचा असला की हे आपसूक जागं होणं थांबायचं. जणू मनाने बघितलं आणि दार उघडलंच नाही. ज्याला स्वतःच्या भाषेत एखाद्या विषयाचं एक पानही वाचवत नाही, त्याला दुसरी भाषा तेच पान वाचायला जागा देते, हे या पार्श्वभूमीवर अगदी समजण्यासारखं आहे.

लेखकांनी ही जागा पुरेपूर वापरली आहे. अ‍ॅगोटा क्रिस्टोफ या 1956 साली हंगेरीतून पळून स्वित्झर्लंडला आल्या, कारखान्यात काम केलं, फ्रेंच मोठेपणी शिकल्या आणि त्याच भाषेत लिहू लागल्या. ही भाषा माझी मातृभाषा मारते आहे, म्हणून ती शत्रूची भाषा, असंही त्यांनी लिहून ठेवलं आहे. 1986 साली आलेल्या त्यांच्या पहिल्या कादंबरीतली जुळी मुलं युद्धात जे दिसतं ते वहीत उतरवतात आणि स्वतःसाठी नियम घालतात की भावना सांगणारे शब्द वापरायचे नाहीत, कारण ते मोघम असतात. त्या कोरड्या, आखूड वाक्यांनी वाचकाची झोप उडते. उसन्या भाषेतला कोरडेपणा इथे हत्यार झाला आहे. व्लादिमिर नाबोकोव यांची गोष्ट उलट्या बाजूने बोलते. रशियातल्या बालपणाच्या आठवणी त्यांनी आधी इंग्रजीत लिहिल्या, पुस्तक 1951 साली आलं. मग तेच रशियनमध्ये करायला घेतलं तेव्हा इंग्रजीत लिहिताना सुचलेही नव्हते असे तपशील वर येऊ लागले. 1954 साली रशियन पुस्तक निघालं, आणि त्या नव्या ऐवजासकट 1966 साली पुन्हा इंग्रजी. लहानपणापासून इंग्रजी वाचणाऱ्या, इंग्रजी गद्यावर हुकमत असलेल्या माणसाच्या बाबतीत हे घडलं. तेव्हा भाषा येणं आणि त्या भाषेतून आपल्या आयुष्यापर्यंत पोहोचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शाळेनेही ऐकून ठेवावं.

आता शाळा. दुसऱ्या भाषेच्या पाठ्यपुस्तकातला एखादा धडा डोळ्यांसमोर आणा. एका मुलाचं कुत्रं मरतं. धडा दीड पानाचा, खालचा स्वाध्याय दोन पानांचा. कुत्रं कुठे सापडलं होतं? एका वाक्यात उत्तर लिहा. ‘तो रात्रभर तसाच बसून राहिला’, काळ ओळखा. विशेषणं अधोरेखित करा. विरुद्धार्थी शब्द लिहा: जिवंत, मऊ, एकटा. आणि शेवटी, मुलाला काय वाटलं असेल ते चार ओळींत लिहा. हा शेवटचा प्रश्न संवेदनशीलता जोपासण्यासाठी घातलेला असतो आणि त्याचं उत्तर मार्गदर्शकात छापलेलं असतं: मुलाला अतिशय दुःख झाले असेल.

हे उत्तर बरोबर आहे, पूर्ण गुणांचं आहे, आणि ते लिहिणाऱ्या मुलाला काहीही न होता लिहिता येतं. स्पेनमधल्या त्या वाचकांनी जसे योग्य गुण दिले तसंच हे. एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण शाळा इथे नुसतं चुकीचं मोजत नाही, ती त्या भाषेला कोरडंही करते. शिकलेल्या भाषेचे शब्द फिके का, तर त्यांच्याभोवती जगणं नसतं म्हणून. जगणं आणायचा शाळेच्या हातातला सगळ्यात मोठा मार्ग म्हणजे गोष्ट. वर्गात बसून कुणाचं बालपण, भूक, भीती, मैत्री त्या भाषेत अनुभवायची तर दुसरं साधन नाही. आणि नेमक्या त्या गोष्टीवर आपण लाल पेन घेऊन बसतो. मग त्या भाषेतल्या दुःखाच्या शब्दाला मुलाच्या आयुष्यात पहिला प्रसंग चिकटतो तो मरणाऱ्या कुत्र्याचा नसतो, तर चुकलेल्या काळाचा आणि कापलेल्या अर्ध्या गुणाचा असतो. पुढे हाच मुलगा मोठा होऊन म्हणतो की या भाषेत मला व्यवहार जमतो, पण वाचवत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की दुसऱ्या भाषेच्या तासाचं काम भाषा शिकवणं आहे, मन घडवणं नाही. ते घरच्या भाषेतल्या साहित्याने करावं. यातला उत्तरार्ध मला मान्य आहे. पहिल्या गोष्टी, लहान वयातल्या गोष्टी, शब्दांना प्रसंग चिकटवणाऱ्या गोष्टी मुलाच्या घरच्या भाषेत असाव्यात, यात तडजोड नको. 1953 सालच्या युनेस्कोच्या अहवालाने मातृभाषेतून शिकवण्याची बाजू मांडली त्याला आता सत्तरहून अधिक वर्षं झाली, आणि त्यानंतरचं संशोधन ती बाजू भक्कमच करत आलं आहे. पण पूर्वार्ध, म्हणजे गोष्ट भिडण्याचा आणि भाषा येण्याचा संबंध नाही हे म्हणणं, फिजीतल्या एका प्रयोगाने केव्हाच मोडीत काढलं आहे.

वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई यांनी तो प्रयोग तिथल्या ग्रामीण प्राथमिक शाळांत केला आणि 1983 साली त्याचे निकाल प्रसिद्ध झाले. चौथी-पाचवीची मुलं, इंग्रजी त्यांची दुसरी भाषा, घरात इंग्रजी पुस्तकं जवळपास नाहीत. काही वर्गांत रंगीत चित्रांची, मुलांना आवडतील अशी 250 गोष्टींची पुस्तकं नेऊन ठेवली. बाकीच्या वर्गांत ठरावीक वाक्यरचना गिरवून घेण्याची नेहमीची पद्धत चालू राहिली. आठ महिन्यांनंतर वाचून समजणं आणि ऐकून समजणं या दोन्हींत गोष्टीवाल्या वर्गांची प्रगती सुमारे दुपटीने झालेली होती, आणि 20 महिन्यांनी हा फायदा भाषेच्या इतर अंगांपर्यंत पोहोचला होता. या प्रयोगात भावना मोजल्या नव्हत्या, हे मी झाकून ठेवत नाही. पण मुलांच्या हातात पुस्तक कशामुळे टिकलं असेल? पुढे काय होतं ही ओढ सोडून तिथे दुसरं आमिष नव्हतं.

म्हणून मागणी साधी आहे. दुसऱ्या भाषेच्या अभ्यासक्रमात काही गोष्टी अशा असाव्यात की ज्यांच्यावर एकही प्रश्न विचारायचा नाही. तोंडी नाही, लेखी नाही, ‘तुला काय वाटलं’ असाही नाही. व्याकरणासाठी उतारे हवेत तर माहितीपर उतारे भरपूर मिळतात. काळ ओळखायला मरणारं कुत्रं लागत नाही. गोष्टींची भाषा मुलाच्या इयत्तेपेक्षा थोडी सोपी ठेवावी, म्हणजे पानावर सहा ठिकाणी अडखळायची वेळ येणार नाही. आणि गोष्टीविषयी बोलावंसं वाटलं तर मुलाला घरच्या भाषेत बोलू द्यावं. वाचन एका भाषेत आणि त्यावरची बडबड दुसऱ्या भाषेत, याने शिकण्यात खोट येते असं मानणारे शिक्षक पुष्कळ आहेत. मला उलट वाटतं. जो मुलगा परक्या भाषेत ‘ते दुःखी होते’ एवढंच लिहितो आणि म्हणून ज्याच्या नावापुढे ‘कल्पनाशक्ती बेताची’ असा शेरा पडतो, तोच घरच्या भाषेत त्या कुत्र्याविषयी दहा मिनिटं बोलू शकतो. त्याच्या मनाचं माप घ्यायचंच असेल तर निदान तिथे घ्या.

पुस्तकं कुठून आणायची, वर्गात एवढी मुलं, प्रत्येकाच्या हातात काय देणार, हा प्रश्न येणारच. फिजीत पुस्तकं दोन तऱ्हांनी वापरली गेली होती. काही वर्गांत मुलं आपापली मनात वाचायची. काही वर्गांत शिक्षक एकच पुस्तक सगळ्यांना दिसेल असं धरून मोठ्याने वाचायचे, चित्रं दाखवायचे, मुलं आवडलेली वाक्यं त्यांच्या आवाजात आवाज मिसळून म्हणायची. दोन्ही प्रकारचे वर्ग गिरवणाऱ्या वर्गांच्या पुढे गेले. त्यातल्या दुसऱ्या तऱ्हेला एका वेळी एकच प्रत पुरते, आणि शिकलेल्या भाषेतल्या शब्दांना एका माणसाचा आवाजही मिळतो.